पानिपतच्या वाटेवरची गरम हवा

भीमाबाई गाझियाबादहून मेट्रोने गुरुग्रामला आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. खुर्चीत टेकल्यासुद्धा नाहीत.

"माझा नवरा चोर नाही," त्या म्हणाल्या. "एवढं सिद्ध करून द्या. बाकी मला काही नको."

खासगी तपासनीस चंद्रप्रभा रणदिवे यांनी चष्मा वर सरकवला. शेजारी बसलेला त्यांचा दीर श्रीरंग मात्र ऐकता ऐकता खट्टू होत गेला. सरकारी नोकरीतून रजा काढून तो वहिनींकडे आला होता तो खून, दरोडा असलं काहीतरी बघायला. आणि निघालं काय, तर गाडीचा एसी!

हकिगत साधी होती. भीमाबाईंचा नवरा पांडू घाडगे फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेला. आता तो गाझियाबादच्या मराठी मंडळाची गाडी चालवायचा. सुट्टीत महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना पानिपतला नेऊन काला अंबचं युद्धस्मारक दाखवायचा. यंदा मात्र त्या वाटेवर एसी मधेच दगा द्यायचा. काल तर अलकनंदाबाई नावाच्या वयस्कर पाहुणीला उकाड्याने घेरी आली. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब तडक पांडूच्या दारात गेले आणि गरजले, "एसी तूच बंद करतोस आणि वाचलेलं डिझेल विकतोस!"

"आज संध्याकाळच्या सभेत त्यांना काढून टाकणार आहेत," भीमाबाई म्हणाल्या. "नोकरी गेली खड्ड्यात. पण लेहच्या रस्त्यांवर फौजेचे ट्रक चालवलेल्या माणसाला गल्लीतली पोरं चोर म्हणतात हो!" इथे मात्र त्या खुर्चीत टेकल्या.

"चला भावोजी," म्हणत चंद्रप्रभा उठल्याच.

अलकनंदाबाई मंडळाच्या खोलीत सरबत घेत बसल्या होत्या. "त्या मेल्या ट्रॅफिकमध्ये गरम वाफ यायला लागली बघा. मुरथलला पराठे खायला थांबलो. परत निघालो तर हवा अशी गार, की मी शाल काढली! आणि थोड्या वेळात पुन्हा भट्टी."

"पांडूनं बटणाला हात लावला होता?"

"छे! मी शेजारीच बसले होते. त्याचे हात स्टिअरिंगवर, आणि मी बघत होते बटणाकडेच."

श्रीरंग बाहेर येताच कुजबुजला, "वहिनी, हा गॅरेजवाल्याचा डाव. मुद्दाम अर्धवट दुरुस्ती करत असणार."

गॅरेजमध्ये जाऊन त्याने तेच सुनावलं, तेव्हा गॅरेजवाला उल्हास उखडलाच. "मॅडम, मी गॅस बघितला, पंखा बघितला, वायरिंग बघितलं. सगळं बिल्कुल ओके! माझ्याकडे एसी एकदाही बंद पडला नाही. स्टेशनच्या फेऱ्यांना पडत नाही, हॉस्पिटलच्या फेऱ्यांना पडत नाही. पानिपतचं नाव काढलं की याला काय होतं, देव जाणे!"

मंडळात परतल्यावर काकासाहेबांनी तर मोबाइलवर सहलीचा फोटोच पुढे केला. स्मारकापाशी गाडी, भोवती पाहुणे, आणि गाडीच्या नाकावर भगवा रेक्झिनचा फलक: 'पानिपत दर्शन'.

"यंदा नवा करवून घेतला," ते छाती फुगवून म्हणाले. "पूर्वी मागच्या काचेवर असायचा, कुणाला दिसायचाही नाही. आता समोरून येणाऱ्यानं बघितलंच पाहिजे, की मराठी माणूस चाललाय! पण त्या ड्रायव्हरनं लाज घालवली."

पांडू मंडळाच्या अंगणात गाडीच्या काचा पुसत उभा होता. मान ताठ, डोळे मात्र सुजलेले.

"गॅरेजला नेताना तुम्ही काय करता?" चंद्रप्रभांनी विचारलं.

"गाडी धुतो, तिच्यावरचं सगळं उतरवून नीट ठेवतो, मग नेतो. फौजेची सवय आहे, ताई."

"आणि काल आल्यावर?"

"काल नुसतं उतरवून ठेवलं, धुवायचं राहिलं. त्याआधीच काकासाहेब आले."

चंद्रप्रभा वाकल्या. पुढच्या जाळीच्या कडांवर धुळीचा थर होता. मधला चौकोन मात्र जवळजवळ स्वच्छ. श्रीरंगालाही तो दिसला, पण त्यात काय मोठंसं, असं त्याला वाटलं.

सभा भरली. चंद्रप्रभांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, एसी लावून गाडी चालू ठेवायला सांगितली आणि काकासाहेबांना आत बसवलं.

"गार आहे?"

"एकदम!"

"पांडू, फलक बांधा."

फलक जाळीवर चढला. बाहेर संध्याकाळचं ऊनही रणरणत होतं. हळूहळू काकासाहेबांनी रुमाल काढला, मग सदऱ्याचं बटण उघडलं. शेवटी घामाने निथळत ते बाहेरच आले.

"बटणाला कुणी हात लावला?" चंद्रप्रभांनी विचारलं. मग जाळीकडे बोट केलं. "या जाळीमागे एसीचा कंडेन्सर असतो. आतली उष्णता तिथून बाहेर जाते. त्याला वारा हवा. फलकानं वारा अडवला की तो तापतो आणि गाडी जपण्यासाठी एसी आपोआप थांबतो. मुरथलला गाडी विसावली, कंडेन्सर निवला, गार हवा परत आली. स्टेशनला जाताना फलक नसतो. आणि गॅरेजमध्ये?"

"मीच सोडून ठेवायचो," पांडू पुटपुटला. "त्यावर पानिपतचं नाव आहे. तेलकट हात लागू नयेत म्हणून... म्हणजे माझ्याच हातून झालं!"

"तुम्ही हुकूम पाळलात, नाईक. उल्हासना फलक कधी दिसलाच नाही, म्हणून दोष सापडला नाही. जाळीवरचा तो स्वच्छ चौकोन नेमका फलकाएवढा आहे. रस्त्याची धूळ पोचली नाही, तिथे वारा कुठून पोचणार?"

श्रीरंगाने कपाळावर हात मारला. पण ऊर मात्र भरून आला. ही आपली वहिनी! खुनाबिनाची त्याला आठवणही राहिली नाही.

काकासाहेब घाम पुसत पुढे झाले. मग वहाणा घालून सरळ पांडूच्या गल्लीत निघाले, आणि मागोमाग सगळी सभा.

भीमाबाई दारातच उभ्या होत्या.

"भीमाबाई, माझं चुकलं," काकासाहेब हळूच म्हणाले. "पांडू निर्दोष आहे."

"असं नाही," भीमाबाई म्हणाल्या. "हिंदीत बोला. आणि मोठ्यानं. गल्लीला कळलं पाहिजे."

समोरच्या गॅलरीत बायका जमल्या, पोरं खेळ सोडून आली. काकासाहेबांनी घसा खाकरला.

"सुनो, भाई लोगो! पांडू घाडगे चोर नहीं है! गलती मेरी थी, मेरी!"

भीमाबाईंनी पदर सावरला, एकेका गॅलरीकडे नीट बघून घेतलं आणि दार सताड उघडलं.

"या आता आत. चहा टाकते."