उलट्या फुल्या

“हा नमुना नको, ताई!” धाकटीनं चौकडीचा कागद थोरलीच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. “घरटं काय, चोच पसरलेलं पिल्लू काय... मावशीनं असलं द्यायचं असतं का? गुलाब भर. गुलाबाला कुणी नावं ठेवत नाही.”

“बरं बाई, गुलाब,” थोरली पुटपुटली आणि गादीवर पसरलेले नमुने पुन्हा चाळू लागली. एकमेकींकडून उतरवून घेतलेले, घड्यांवर विरलेले ते कागद तिनं जन्मभर जपले होते.

बबडीचं लग्न तोंडावर आलं होतं. भाचीला आपल्या हातानं भरलेलं काहीतरी द्यावं, म्हणून थोरली बहिणीकडे राहायला आली आणि इथं तिचं मन एका जागी ठरेना! मावशीची भेट असावी तरी केवढी? लहान दिली तर अंतःकरण मानत नव्हतं. मोठी दिली तर लोक म्हणतील, मावशीला एवढा उमाळा कशाचा? हंसांची जोडी घ्यावी, तर ती कुणीही देतं. गुलाब घ्यावा, तर तो परक्यासारखा वाटे...

परकी? दोनदा रिकाम्या कुशीनं दवाखान्यातून परतलेली धाकटी अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा तिच्या शेजारी आपलं तान्हं बाळ थोरलीनंच नेऊन ठेवलं होतं. “बबडीला कधी कळू द्यायचं नाही,” एवढं एकच वचन धाकटीनं मागितलं. त्या दिवसापासून थोरली आई उरली नाही, मावशी झाली.

दुपारी धाकटी चादरी काढायला कपाटाशी गेली आणि तिथूनच कडाडली. उशांच्या अभ्र्यांमागे भरतकामाच्या मॅटीच्या कापडाची गुंडाळी होती. उलगडली, तर अर्धं भरलेलं घरटं!

“लपवून भरतेस? माझ्याच घरात?”

“मी नाही गं...” थोरली म्हणाली खरी, पण कापड हातात आलं आणि ती गोंधळून गेली. फुलीचा वरचा टाका घरात सगळ्यांचा उजवीकडे झुकायचा. थोरली डावखुरी, तिचा तेवढा डावीकडे. आणि इथली एकूण एक फुली डावीकडे झुकलेली होती! हे तर आपलेच हात... पण कधी भरलं? वय झालं, विसरलो असू का? की मनात दडपलेली इच्छा हातांनी परस्पर पुरी केली?

“असेन मीच,” ती म्हणाली. “आठवत नाही बघ. उसवते हं... आत्ता उसवते.”

तिनं कात्री उचलली, तोच दारातून बबडी ओरडली, “मावशी, थांब! ते माझं आहे!”

तिनं पुढे होऊन मावशीच्या हातातली कात्री काढून घेतली.

“आईसाठी भरतेय. जाण्याआधी द्यायचं म्हणून लपवलं होतं. नमुना तुझ्या कागदांतून उतरवला, मावशी. तुम्ही दोघी म्हणजे ना! मेली एक गोष्ट लपू द्याल तर शपथ!”

“तू तर कधी सुई हातात धरली नाहीस. तुला... शिकवलं कुणी?” धाकटीनं विचारलं.

“मला डावरीला इथं कोण शिकवणार? जमेल तसं करत गेले. फार वाकडं झालंय का?”

धाकटी ते कापड घेऊन गादीवर बसली. घरटं तिच्यासाठी होतं... आणि टाके ताईचे होते!

“न केलेलं अंगावर घेतलंस ताई? अजूनही?”

“मला खरंच कळलं नाही गं. वाटलं, माझंच.”

“तुझंच आहे!” धाकटीला हुंदका आवरेना. “इतकी वर्षं भीत होते, ती मला सोडून जाईल म्हणून. आणि पोरीनं घरटं भरायला घेतलं ते माझ्यासाठी! आता कसली भीती?”

“नको,” थोरलीनं घाबरून तिचा हात धरला. “वचन दिलंय मी.”

“मागितलं मी होतं. मीच सोडवते तुला त्यातून.”

“अगं, झालंय काय? दोघी रडताय कशाला?” बबडी नेहमीसारखी आईला खेटून बसू लागली.

“इथं नको, बाळा,” धाकटी डोळे पुसत बाजूला सरकली. “तिकडे... तिच्याजवळ बस.”