गायकवाडनंतर गुप्ते

हजेरीत गायकवाडनंतर गुप्ते येतं, एवढ्याच कारणानं समाजकार्याच्या वर्गात माझी जोडी कपिल गायकवाडशी लागली. दोन वर्षं त्याच्या बाईकवरून खालापुरातल्या वाड्या पालथ्या घातल्या. प्रेमात कधी पडले ते विचारू नका, मलाच ठाऊक नाही!

त्या दिवशी वाडीतल्या बायकांकडून रांगोळीनं गावाचा नकाशा काढून घ्यायचा होता. पोचलो, तर वाडीत चिटपाखरू नाही. दारांना कड्या. एका अंगणात तेवढे वाडीतले म्हातारे नवशाबाबा शेळ्या राखत बसलेले.

"समदी वीटभट्टीवर गेली. दिवाळी झाली ना!" ते हसले. "ही तुजी कारभारीण का रं?"

"नाय, नाय बाबा! आमी कॉलेजातले," कपिल घाईघाईनं म्हणाला.

एक 'नाय' पुरलं नसतं का?

परीक्षेत हंगामी स्थलांतरावर पानं भरून आलेलो आम्ही, आणि बैठक ठेवली दिवाळीनंतर! एरवी मी पोट धरून हसले असते. पण ही आमची शेवटची भेट होती वाडीतली, आणि रविवारी मला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते. मी नुसती येरझारा घालत होते.

"गुप्ते, बस की. ऊन लागेल."

"लागू दे!"... मग रांगोळीची पिशवी त्याच्यासमोर आपटली. "काढ. तुझा नकाशा. विचारते मी."

त्यानं निमूट काढला. भिसेगावातलं त्याचं घर, कॉलेज, चहाची टपरी, दहिवलीतला आमचा बंगला.

"आता जिथं जिथं तू आत जातोस, तिथपर्यंत रेघ ओढ."

रेघ टपरीत शिरली, कॉलेजात शिरली... आमच्या फाटकाशी थांबली.

"पुढं?"

"पुढं मी कधी आलोच नाही," तो हसत म्हणाला. "काकू फाटकातच म्हणतात, थँक्यू हं, तुला उशीर होत असेल."

माझा चेहरा खर्रकन उतरला. आमच्या वर्गातली, आमच्याच जातीतली अक्षदा आली की आई तिला थेट स्वयंपाकघरात नेते. आणि कपिल... इतक्या वेळा मला सोडायला आला, तरी हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं! लाज वाटली. भयंकर लाज वाटली.

"रविवारी मला बघायला येतायत," मी एकदम म्हणाले.

त्याची बोटं रांगोळीतच थबकली. "...चांगला असेल मुलगा."

"कपिल, डोकं फिरवू नकोस हं! मला तू आवडतोस. झालं, बोलले."

त्यानं तळहातावरची रांगोळी पुसली.

"मलाही... पहिल्यापासून. पण फाटकाबाहेरचा जावई व्हायला मला जमणार नाही, ऋजुता."

तो मला पहिल्यांदाच ऋजुता म्हणाला, आणि तेही असं!

"बाईक काढ," मी म्हटलं.

बाईक दहिवलीत पोचली. आई फाटकातच उभी होती.

"थँक्यू हं कपिल, तुला उशीर—"

"त्याला उशीर होत नाहीये, आई. तो आज जेवून जाणार आहे." मी त्याचा हात धरला. "आणि रविवारच्या पाहुण्यांना नको म्हणून कळव. लग्न मी ह्याच्याशी करणार आहे."

आई आमच्या हातांकडे बघत राहिली. मग वळून आत गेली. दार मात्र लावलं नाही.

मी ओढतच आत नेलं, तेव्हा कपिल दिवाणखान्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. "जाऊ का मी?"

"हललास तर बघ!"

आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मग आवाज थांबला आणि पदराला हात पुसत आई बाहेर आली. डोळे लाल होते तिचे.

"तुझ्याशी बाबा आल्यावर बोलते," ती मला म्हणाली. मग वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी विचारलं. "वालाचं बिरडं खातोस का रे?"

"खातो, काकू," कपिल म्हणाला आणि तेव्हा कुठं खुर्चीत नीट सरकून बसला.