चाप न ओढता सुटलेली गोळी

वर्षभराचं मांस घरी आणायचं, एवढ्याचसाठी ऑरिन आणि त्याची भाची वर्ना सप्टेंबरात होडीने नदीच्या वरच्या अंगाला निघाले होते. अलास्कात फ्रीजर रिकामा ठेवून हिवाळ्यात शिरणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा! ऑरिन तीस वर्षं शिकाऱ्यांना जंगलात नेणारा वाटाड्या. यंदा त्याच्याकडे नवीकोरी रायफल होती. आणल्या आणल्या त्याने ती स्वयंपाकाच्या टेबलावर उघडून, चाप हलका व्हावा म्हणून त्याचा स्क्रू सैल केला होता. तिथले जुने शिकारी हे करतातच. कारखान्यातून आलेला जड चाप जसाच्या तसा वापरणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

चौथ्या दुपारी गोळी लागून मूस पडला, तिकडचं अवाढव्य हरीण. घोड्याहून मोठं धूड! एक मांडी होडीत पोचली. वर्ना चिखलात गुडघे टेकून दुसरी सोडवत होती. तेवढ्यात पलीकडच्या झुडपात काहीतरी कडाडलं.

"मामा, वारा आपल्याकडून तिकडे जातोय ना?" ती कुजबुजली.

"हो. आणि ते त्यालाही कळलंय."

झुडपं हलली. तपकिरी अस्वल! साठ पावलांवर ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि हवा हुंगून सरळ त्यांच्याकडे चालू लागलं. ऑरिनने रायफल झडप घालून उचलली. चाप मोकळा करायला सुरक्षेचा खटका पुढे सरकवला.

धाड!

चापावर बोटच नव्हतं! गोळी वर्नाच्या टोपीपासून वीतभर अंतरावरून चिखलात घुसली. तिचं तोंड चिखलाने माखलं.

"अस्वलाला मारतोस की मला?" ती किंचाळली.

"अगं, मी चापाला हातसुद्धा लावला नाही!"

अस्वल थबकलं, पण पळालं नाही. आता? दुसरी गोळी भरावी तर ती कधी सुटेल, देव जाणे. न भरावी तर हातात नुसती काठी. मघाची गोळी वर्नाला लागती, तर ऑरिनने बहिणीला काय तोंड दाखवलं असतं?

"मांस सोड."

"उरलेला अख्खा मूस?"

"सोड म्हणतो ना! पळू नकोस. माझ्या मागून चल."

त्याने गोळी भरली, नळी अस्वलाकडे धरली आणि दोघं एकेक पाऊल मागे सरकू लागले. अस्वल पुढे. दोघं मागे. होडीचं इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. तिसऱ्यांदा लागलं! वळून पाहिलं तेव्हा अस्वल मुसावर दोन्ही पंजे रोवून उभं होतं.

घरी येताच ऑरिनने शिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तावातावाने टंकलं, 'ही रायफल नाही, खुनी आहे!'

वर्नाने वाचलं. "आणि तुझा स्क्रू?"

"त्याने काय होतंय?"

"नक्की ठाऊक आहे तुला?"

ठाऊक नव्हतं. त्याने स्क्रू मूळ खुणेवर आणला. रायफल रिकामी आहे हे तीनदा तपासलं आणि शेडमध्ये बसून खटका दोनशे वेळा पुढेमागे केला. सात वेळा गोळी उडवणारा आतला घोडा आपोआप पडला.

"दोष तिचाच! सुटलो एकदाचा!"

वर्ना हसली नाही. "नळी माझ्याकडे कुणी केली होती?"

ऑरिनने संकेतस्थळावरचं आधीचं सगळं खोडलं आणि नव्याने लिहिलं. 'नेम उत्तम, दस्ता मजबूत. खटका धोक्याचा: स्क्रू मूळ खुणेवर असतानाही दोनशेत सात वेळा घोडा आपोआप पडला. त्या दिवशी मात्र स्क्रू मी सैल केलेला होता. आणि नळी माझ्या भाचीकडे होती. हा दोष रायफलीचा नव्हे, माझा.' खाली स्वतःचं नाव.

उत्तरं आली. 'म्हणे वाटाड्या! याच्याबरोबर जंगलात मरायला जायचंय कुणाला?' पुढच्या महिन्यात त्याच्याबरोबर शिकारीला येणाऱ्या दोघांनी बेत रद्द केला. ऑरिनला जेवण गोड लागेना. तीस वर्षांची अब्रू त्याने स्वतःच्या हाताने धुळीला मिळवली होती.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'माझीही हीच रायफल. दोनदा आपोआप सुटली. स्क्रू मीच फिरवला होता, म्हणून लाजेने कुणाला बोललो नाही. उद्या सकाळी ती घेऊन वडिलांच्या मागून चालणार होतो. तुमचं वाचलं आणि आत्ताच गोळ्या काढल्या.'

वर्नाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. ऑरिन मटकन खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडला.