ओलं मूळ

मूळ आणायला म्हणून मी दुपारी ओढ्यात उतरलो. कचिना म्हणजे आमचे पाऊस आणणारे आत्मे; त्यांची बाहुली कॉटनवुडच्या झाडाच्या मुळाचीच कोरायची, तीही पुरात आपणहून वाहून आलेल्या, वाळलेल्या मुळाची. त्या वर्षी पूर आला नाही, आणि जुलैचा नाच आठ दिवसांवर. मी आळस केला होता, खोटं कशाला बोलू! बहिणीची मुलगी तावमाना सहा वर्षांची; साऱ्या पोरींना बाहुल्या मिळतील आणि हीच रिकाम्या हातांनी परतेल, हे मला सोसवेना. मी जिवंत झाडाचं मूळ तोडलं. कुऱ्हाड बसली तिथून बराच वेळ पाणी गळत होतं.

नाचात मुखवट्यांतले कचिना आले आणि त्यांच्याकडून बाहुली तिच्या हाती पडली. ती कुणी कोरली, हे मुलींना कधीच सांगत नाहीत.

तिसऱ्या दिवशी बहीण व्हर्ना वैतागली. "दादा, पिंप रोज तळाला जातंय. तुझी लाडकी भाची पाणी पितेय की ओततेय, तीच जाणे!"

पोरीचे ओठ मात्र फुटले होते, डोळे खोल गेले होते. भिंतीवरची बाहुली मी खाली काढली. रंग ओला लागला. पायांखाली केसांएवढी पांढरी मुळं फुटली होती... मी भ्यालो. साफ भ्यालो.

भर उन्हात बाहुली ओढ्यात नेली, झाडाच्या जखमेशी पुरली, मक्याचं पीठ वाहिलं आणि माफी मागितली. मन हलकं झालं.

परतलो तर व्हर्ना दारात.

"तावमाना कुठाय? तुझ्या मागेच निघाली होती..."

मी धावत सुटलो. ती झाडापाशीच उभी होती. मघाची कोरडी वाळू आता चिखल झाली होती आणि तिचे पाय घोट्यापर्यंत आत होते. ओठ मऊ, ओलसर. जिवात जीव आला.

"चल बाळा. आईनं मक्याची पातळ पिकी भाजलीय."

"तहान गेली, मामा."

"बरं झालं. चल आता..."

हात धरून मी तिला ओढलं. ती हलली नाही. चिखलाखाली काहीतरी ताणल्याचा बारीक आवाज आला.

"हळू, मामा..." ती कण्हत म्हणाली. "मागच्या वेळी तोडलंस, तेव्हा फार दुखलं."