वरचा रिसिव्हर

खरं-खोटं करणाऱ्यांनी खुशाल करावं. पण ही गोष्ट आमच्या काकूंच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तीही भर दुपारी, घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या असताना.

काकूंचे सासरे म्हणजे एक नंबरचे संशयी. घरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी मदार खालच्या फोनवर. आणि त्याच लाइनवरचा दुसरा रिसिव्हर वर, सासऱ्यांच्या खोलीत. कुणाचाही फोन आला, की बोलता बोलता मध्येच...

खट्.

मग जड श्वास. म्हातारा ऐकतोय!

काकूंची लेक घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हा ते दात-ओठ खात म्हणाले होते, "तिचं घर सापडू दे. मेलो तरी सुखानं नांदू देणार नाही."

तेव्हापासून मायलेकींनी ठरवून टाकलं. फोनवर खुशाली विचारायची, पत्ता कधी उच्चारायचा नाही. काकूंनाही तो ठाऊक नव्हता.

सासरे गेले. काकूंनी चारचौघांत डोळ्याला पदर लावला आणि मनात हुश्श केलं.

पण फोनवरचं ते खट् काही गेलं नाही.

"जुनी लाइन आहे, आवाज येणारच," वायरमन म्हणाला. "इंटरनेटवरचा फोन घ्या काकू, कटकटच मिटेल."

काकूंनी लगेच घेतला. वायरमनने जुनी तार बाहेरूनच कापली. खाली नवा डबा बसवला, त्याला एकच फोन. वरचा रिसिव्हर काकूंनी स्वतः कानाला लावून पाहिला. ठार बंद. तो त्यांनी भंगारात दिला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुपारी लेकीचा फोन आला.

"आता कुणी कान लावणारं नाही," काकू म्हणाल्या. "सांग गं बाई पत्ता. उद्याच येते."

लेक हसली, रडलीही. गल्ली सांगितली, इमारत सांगितली, मजला सांगितला...

खट्.

नवा फोन ना, आवाज अगदी स्वच्छ! श्वासातली घरघरसुद्धा ऐकू येत होती.

"बोलू नकोस! पुढे एक शब्द बोलू नकोस!" काकू ओरडल्या.

"काय झालं आई?... थांब हं, दारावर कुणीतरी आहे."

"उघडू नकोस गं!"

कडी निघाली. मग बराच वेळ काहीच नाही...

"कुणी नव्हतं," लेक परत येऊन म्हणाली. "वारा असेल."

काकूंनी फोन कानाला घट्ट दाबला. फोनवरचा तो श्वास थांबला होता.

म्हातारा काकूंच्या घरातून गेला होता.

काकूंनी लेकीला दोनदा घर बदलायला लावलं. उपयोग शून्य. काकूंचा फोन मात्र तेव्हापासून छान चालतो, कसला म्हणून आवाज नाही.

फक्त लेक हल्ली कुजबुजत बोलते.

"जरा मोठ्यानं बोल की," काकू म्हणतात.

"नको आई," ती म्हणते. "इथंच बसलेत."