पोत्यांचं वजन कोणी खाल्लं?

"पळ रे निलेशदादा! जंगल पडता!"

विंगेतून छोटा चंदन ओरडला खरा, पण उशीर झाला होता. तालमीत सिंहासनावरून ऐटीत उठलेल्या राजाच्या डोक्यावर झाडाझुडपांसकट अख्खं जंगल उतरलं आणि मुकुट घरंगळत थेट पेटीवाल्यापाशी गेला!

जंगल म्हणजे पडदा. विजयदुर्गच्या वाटेवरच्या त्या छोट्या गावात दर मे महिन्यात देवळामागच्या उघड्या रंगमंचावर नाटक व्हायचं आणि श्रियाच्या आजोबांनी, महादूंनी, तरुणपणी रंगवलेला हा पडदा त्यात असायचाच. काय पडदा होता! झऱ्यावर पाणी पिणारं हरीण आणि वेलींच्या जाळीत लपलेला वाघ. गावातल्या प्रत्येक पोराने आईच्या मांडीवर बसून तो वाघ शोधलेला. हल्ली असे पडदे रंगवतं कोण? आणि तासभर वाघ शोधायला वेळ तरी कुणाला आहे?

महादू आणि त्यांचा भाऊ बाबली दोन्ही बाजूंनी दोर ओढून तो पडदा वर न्यायचे. गेल्या पावसाळ्यात बाबली वारले. तेव्हापासून महादू आजोबा रंगमंचाकडे फिरकलेच नव्हते.

म्हणून नाटक मंडळाच्या दत्तप्रसादकाकांनी नवी युक्ती काढली होती. परदेशातल्या नाटकगृहांत नवं काय चाललंय, याच्या बातम्या ते मोबाइलवर रोज वाचायचे. कप्पीवरून दोर, एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाची वाळूची पोती. मग एका हाताने वर, एका हाताने खाली! सोमवारी त्यांनी तसं करून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. पडदा सोडावा तिथे थांबत होता. आणि बुधवारी तोच राजाच्या डोक्यावर!

"देवचाराचो खेळ ह्यो," राखणदार भुताच्या धास्तीने पेटीवाला पुटपुटला.

"पडदो जुनो झालो, दुसरा काय नाय," दत्तप्रसादकाका वैतागले. "बांधून ठेवलो तर ओढूक परत दोन माणसां लागतत. मुंबयची मंडळी नाटक बघूक येतली, दोर ओढूक नाय! शनिवारी कणकवलीच्या स्क्रीनवाल्याक बोलवतंय. जंगल स्क्रीनवर दाखवूया. मग ह्यो गुंडाळून ठेवा."

श्रियाचा चेहरा उतरला. गुंडाळून ठेवलेल्या पडद्यांचं काय होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. राजवाड्याच्या पडद्याखाली सध्या कुणाचं तरी गवत झाकलेलं होतं!

"आजाक कळला तर तो जेवचो नाय," ती म्हणाली.

"मग कळायच्या आत शोधून काढू!" विश्वेश म्हणाला. तो सुट्टीसाठी कणकवलीहून मामाकडे आला होता. "सोमवारी दोन्ही टोकं सारखी होती. आता पडदा जड झालाय. पडदा काही जेवून लठ्ठ होत नाही! म्हणजे पोतीच हलकी झालीत. कोणीतरी वाळू काढतंय."

"स्क्रीनवालो!" चंदनने निकाल देऊन टाकला. "त्याचोच फायदो!"

गुरुवारी सकाळी विश्वेशने पोत्यांना जांभ्या दगडाचे तुकडे बांधून पडदा पुन्हा तोलला आणि अर्ध्यावर सोडला. पोत्यांच्या उंचीला भिंतीवर कोळशाची रेघ मारली. मग तिघं विंगेत ताडपत्रीमागे दबा धरून बसले. ऊन नुसतं भाजून काढत होतं. चंदनच्या खिशातले काजू संपले. कोणी आलं नाही, कुत्रंसुद्धा!

आणि मग कप्पी कुरकुरली. कुर्रर्र! पोती आपोआप रेघेच्या वर सरकली आणि पडदा खाली!

"देवचार!" चंदन असा पळाला की एक चप्पल तिथेच राहिली.

विश्वेशने धीर करून पोती चाचपली. शिवण शाबूत होती. खाली वाळूचा कणही नव्हता.

"आणखी तुकडे बांधले तर?" श्रियाने विचारलं.

"आणि नाटकाच्या ऐन मध्यात पुन्हा हलकी झाली तर? आधी चोर सापडायला हवा."

चोर सापडला शुक्रवारी, शेजारच्या विमलाकाकींच्या अंगणात! काकी कोकमाची सोलं वाळवत होत्या. त्यांना मदत म्हणून श्रियाने टोपली उचलली आणि तोल जाऊन मागेच पडता पडता वाचली.

"काकी, सोलां कोणी खाल्ली? काल ही टोपली माझ्यान हलत नाय होती!"

"उनान खाल्ली गो!" काकी हसल्या. "पाणी सुकला की वजन जाताच."

श्रिया टोपली तिथेच ठेवून चंदन-विश्वेशकडे धावत सुटली.

"चंदन! पोत्यातली वाळू खंयची?"

"खाडीची. ओहोटीक भरली. पार चिंब! देवळापर्यंत रस्ताभर पाणी गळत होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच आरोळी ठोकली!

शनिवारी सकाळी स्क्रीनची गाडी आली, तेव्हा रंगमंचापुढे अर्धा गाव जमला होता. महादू आजोबाही होते. श्रियाने त्यांना सगळं सांगून हाताला धरून आणलं होतं.

"पडदो काढा," दत्तप्रसादकाका म्हणाले.

"काका, फक्त चार कळशा पाणी ओतू दे!" श्रिया ओरडली आणि परवानगीची वाट न बघता शिडीवर चढून तिने पहिली कळशी वर टांगलेल्या पोत्यांवर रिकामी केली. चंदनने दुसरी, विश्वेशने तिसरी. पोती पाणी पीत होती. चौथ्या कळशीला कप्पी कुरकुरली आणि कुणाचाही हात न लागता जंगल डुलत डुलत वर निघालं!

"अरे देवा!" दत्तप्रसादकाकांनी कपाळावर हात मारला. "ओली वाळू मीच भरलंय! परदेशातली बातमी वाचलंय, पण आपला ऊन इसारलंय!"

लोक पोट धरून हसले. स्क्रीनवाला तर सर्वांत जोरात हसला. "पडदो झकास आसा," तो म्हणाला. "रात्री नाटक बघूनच जातंय."

दुपारपर्यंत सुकी वाळू भरून नवी पोती तोलून झाली. रात्री नाटक सुरू होण्याआधी काकांनी माइकवर तिघांची नावं घेतली. "माझी चूक, आणि डोकां ह्या पोरांची!" टाळ्यांनी चंदनचे कान लाल झाले.

दोराचा पहिला मान महादू आजोबांचा होता. त्यांनी सवयीप्रमाणे पाय रोवले, दात आवळले, सगळा जोर लावला आणि पडदा भुर्रकन वर जाऊन बांबूवर आपटला! आजोबा हातातल्या दोराकडे बघतच राहिले.

"बाबली हसान हसान मेलो असतो," ते म्हणाले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी दोर श्रियाच्या हातात दिला.

"धर गो. मी समोर जातंय."

"कित्याक, आजा?"

"एवढी वर्सां मी दोराकडे उभो. नाटकात माझो पडदो कसो दिसता, ता माका खंय ठाऊक?"

ते पुढच्या चटईवर बारक्या पोरांमध्ये मांडी घालून बसले. जंगलाचा प्रवेश आला. श्रियाने एका हाताने अलगद दोर सोडला. दिव्यांच्या उजेडात झरा उतरला, हरीण उतरलं, वेली उतरल्या, आणि शेजारचं पोर काही बोलायच्या आत आजोबाच ओरडले, "तो बघ! तो बघ वाघ!"