विरामपेटीतला गर्भ

गर्भाची वाढ थांबवून ठेवणारा विरामद्रव काढून घेतला त्याला तिसरा दिवस होता, आणि बशीतला गर्भ होता तसाच होता.

डॉ. हेमांगी दाभाडे सूक्ष्मदर्शकापासून हलल्या नाहीत. कोल्हापूरजवळच्या या केंद्रात त्यांनी कितीतरी जोडप्यांचे गर्भ विरामातून जागे केले होते. हा त्यांचा स्वतःचा आणि नवऱ्याचा, श्रीधरचा होता. केंद्रातला सर्वांत जुना. नवा गर्भ करण्याचं त्यांचं वय आता उलटून गेलं होतं.

"गेला का?"

"गेलेला गर्भ इतका देखणा नसतो, मॅडम," डॉ. इक्बाल शिकलगार म्हणाले. पेशींमधले संदेश हा त्यांचा अभ्यासाचा विषय. "पेशी ठणठणीत आहेत. वाढ-संदेश दारापर्यंत पोचतोय. दार कुणी उघडत नाही."

विरामाची कल्पना अस्वलाकडून उसनी घेतलेली. मादीच्या पोटात गर्भ महिनोन्महिने थांबतो. गर्भाशयाकडून वाढ-संदेश येईपर्यंत पेशी जेमतेम जगतात, क्वचितच विभागतात. गोठवण्यात काही गर्भ दगावायचे, विरामपेटीत एकही नाही. पद्धत हेमांगींनीच बसवलेली, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. आधी केंद्र उभं राहू दे, मूल मग, म्हणाल्या. मग श्रीधरची बदली झाली, मग सासूबाईंचं आजारपण निघालं. अकरा वर्षं गेली.

"सोमवारच्या झाडलोटीत याचा कचरा किती निघायचा?" शिकलगारांनी विचारलं. झाडलोट म्हणजे गर्भातून गळून पडलेल्या पेशी नळीने ओढून टाकणं. कचरा जितका कमी, तितके गर्भाला गुण जास्त.

"अलीकडे काहीच नाही. पैकीच्या पैकी गुण आहेत त्याला."

"आणि सुरुवातीला?"

"बराच निघायचा." हेमांगींनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले.

"पेशी शेजारणींशी सारख्या बोलत असतात," शिकलगार हळूच म्हणाले. "जिचा ताल चुकतो तिला बाकीच्या मिळून बाहेर काढतात. तुम्हाला मी हे काय सांगायचं? पण विरामात ताल कुठला?"

"थांबायचा."

"जी जराशी वाढू बघेल, ती बेताल ठरली. तिची हकालपट्टी. राहिल्या त्या थांबणाऱ्या, आणि पुढे त्यांच्याच लेकी."

"आता आत वाढ-संदेश समजणारी एकही नसेल."

"नसेल. दोन-तीन वर्षांचे गर्भ जागे झाले, कारण तोवर तशा काही शिल्लक असतात."

"आणि ज्यांना समजत होतं, त्यांना मी दर सोमवारी बेसिनमध्ये सोडत होते. वर गर्भाला शाबासकी देत होते."

"गुण मीही दिलेत, मॅडम."

हेमांगींनी विरामद्रव पुन्हा भरला आणि बशी पेटीत ठेवली. दुसरं काय करायचं ते सुचेना. मग त्यांनी श्रीधरला फोन लावला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं.

"त्याला काही होतंय का?" त्याने विचारलं.

"नाही. तो आपल्या मागेही असाच राहील."

"मी तेव्हाच म्हणालो होतो—" त्याने वाक्य अर्ध्यावर तोडलं. "जाऊ दे. घरी ये."

त्या लगेच निघाल्या नाहीत. पेट्यांमध्ये अजून बरेच गर्भ होते, काही चौथ्या वर्षात गेलेले. त्यांतला पहिला नंबर त्यांनी फिरवला. फोन अपूर्वा भोकरेने उचलला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"अपूर्वा, तुम्ही दोघं या आठवड्यात या. गर्भ जागा करायला हवा."

"या आठवड्यात? अहो डॉक्टर, घराचा ताबा मिळतोय आत्ता कुठे. दिवाळीनंतर आलो तर चालेल ना? गर्भाला काही होत नाही, कितीही थांबा, असं तुम्हीच सांगितलं होतंत की."

"हो, मीच सांगितलं होतं," हेमांगी म्हणाल्या. "गॅस बंद कर आणि जरा बस. ते चुकलं होतं."